वेलंकनीची यात्रा : वाट, नवस आणि निरोप

ऑगस्ट महिना सरत आला की आपल्या बहुतेक धर्मग्रामांत एक ओळखीचा प्रश्न कानी येतो : “फादर, यंदा वेलंकनीला कोणकोण निघाले?” गोव्यात, बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात, तसेच इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या कुटुंबांत ही यात्रा आता घरच्या रीतीसारखी झाली आहे. कुणाचा नवस फेडावयाचा असतो, कुणाला मूल झालेले असते, कुणी शस्त्रक्रियेतून उठलेला असतो. यादी तयार होते, धर्मशिक्षक पैसे गोळा करतात, तिकिटे काढली जातात आणि धर्मगुरूंचे नाव यादीच्या शिरोभागी आपोआप लिहिले जाते. गाडी कोणती, खोल्या किती, जेवणाची सोय काय, ह्या सर्व प्रश्नांची चर्चा होते. आपण तेथे कशासाठी जात आहो, हा प्रश्न मात्र बहुधा कुणी विचारीत नाही. सर्वांना त्याचे उत्तर ठाऊक आहे, असे आपण गृहीत धरतो.

प्रस्तुत लेखात वेलंकनीस कसे जावे हे सांगावयाचे आहे. परंतु त्याबरोबरच तेथे लोकांस कसे न्यावे, ह्याचाही विचार करावयाचा आहे. कारण यात्रासमूहाबरोबर जाणारा धर्मगुरू किंवा धर्मशिक्षक हा केवळ व्यवस्थापक नव्हे. त्या तीन-चार दिवसांत आपले लोक वर्षभरातील कोणत्याही दिवसांपेक्षा अधिक मोकळे असतात. ते रडतात, बोलतात, प्रार्थना करतात, वर्षानुवर्षे टाळलेले पापनिवेदन करतात. अशा वेळी त्यांच्याबरोबर योग्य शब्द बोलणारा कुणी नसेल, तर ती संधी पुन्हा लवकर येत नाही.

स्थान आणि परंपरा

वेलंकनी हे तमिळनाडूतील नागपट्टिणम जिल्ह्यातील समुद्रकाठचे गाव. नागपट्टिणम शहराच्या दक्षिणेस ते सुमारे १२ किलोमीटरवर आहे. पूर्वेस बंगालचा उपसागर आणि पश्चिमेस कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातशेती, अशा अरुंद पट्टीवर हे मूळचे कोळ्यांचे व शेतकऱ्यांचे खेडे वसले आहे. आज तेथे नगरपंचायत आहे, रेल्वे स्थानक आहे, लहानमोठी असंख्य निवासगृहे आहेत. तरीही सणाचे दिवस वगळता पहाटेच्या वेळी किनाऱ्यावर गेले, तर जाळी उलगडणाऱ्या मच्छीमारांचे ते जुने गाव अजून दिसते.

ह्या स्थळाविषयी तीन कथा परंपरेने चालत आल्या आहेत. पहिली सोळाव्या शतकातील. एक गुराखी मुलगा आपल्या धन्यासाठी दूध घेऊन नागपट्टिणमकडे चालला असता एका तळ्याकाठी वडाच्या सावलीत विसावला. तेथे बाळाला कडेवर घेतलेल्या एका तेजस्वी स्त्रीने त्याच्याकडे बाळासाठी दूध मागितले. त्याने ते दिले. धन्याच्या घरी पोहोचल्यावर उशीर व कमी दूध ह्यांबद्दल तो क्षमा मागू लागला, तो घागर भरून वाहत असलेली दिसली. ते तळे आज ‘मातेचे तळे’ म्हणून ओळखले जाते.

दुसरी कथा त्यानंतरच्या काळातील. एका गरीब विधवेचा पांगळा मुलगा ‘नडु तिट्टु’ नावाच्या जागी वडाखाली बसून वाटसरूंना ताक विकीत असे. त्याच्याकडेही त्या मातेने आपल्या बाळासाठी ताक मागितले. मग तिने त्याला नागपट्टिणममधील एका कॅथॉलिक गृहस्थाकडे जाऊन, ह्या ठिकाणी एक प्रार्थनामंदिर बांधावे, असा निरोप देण्यास सांगितले. मुलगा उठला, आणि आपण चालत आहो, नव्हे धावत आहो, हे त्याच्या ध्यानात आले. त्या जागी गवताने शाकारलेले छोटे मंदिर उभे राहिले आणि मातेला ‘आरोग्यमाता’ हे नाव मिळाले.

तिसरी कथा सतराव्या शतकातील पोर्तुगीज खलाशांची. मकावहून सिलोनकडे जाणारे त्यांचे गलबत वादळात सापडले. आपण सुखरूप किनाऱ्यास लागलो, तर जेथे लागू तेथे मरियामातेच्या नावाने मंदिर बांधू, असे त्यांनी वचन दिले. ८ सप्टेंबर, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाच्या दिवशी, ते वेलंकनीच्या वाळूवर उतरले. स्थानिक कोळ्यांनी त्यांना ते गवती मंदिर दाखविले. त्यांनी त्याच जागी पक्के मंदिर बांधले आणि पुढच्या फेरीत चिनीमातीच्या चित्रमय थाळ्या आणून वेदीभोवती बसविल्या. त्या थाळ्या यात्रेकरूंना आजही दाखवितात.

ह्या कथा मौखिक परंपरेने आपल्यापर्यंत आल्या आहेत, हे धर्मशिक्षकांनी स्पष्टपणे सांगावे. त्या आपल्या श्रद्धेच्या मूळ सिद्धांतांचा भाग नव्हेत. खासगी प्रकटीकरणे ख्रिस्ताच्या निर्णायक प्रकटीकरणात भर घालीत नाहीत, तर ते अधिक समरसून जगण्यास साहाय्य करतात, असे कॅथॉलिक ख्रिस्तसभेची प्रश्नोत्तरी (परिच्छेद ६७) शिकविते. मात्र ‘मूळ सिद्धांताचा भाग नव्हे’ म्हणजे ‘फोल’ असेही नव्हे. चारशे वर्षे गरिबांनी जपलेल्या कथेत ऐकण्याजोगे काही असतेच.

लिखित इतिहास ह्याहून साधा आहे. १६०६ साली स्थापन झालेला मैलापूरचा धर्मप्रांत गोव्याच्या महाधर्मप्रांताच्या अधिकारकक्षेत असे आणि हा किनारा त्या धर्मप्रांतात मोडत असे. तेव्हा गोव्यातील यात्रेकरू वेलंकनीस जातो, तो अगदी परक्या घरी जातो असे नव्हे. १७७१ मध्ये वेलंकनी हा स्वतंत्र धर्मग्राम झाला. १९५२ मध्ये तंजावरचा धर्मप्रांत निर्माण झाला आणि वेलंकनी त्यात आली. ३ नोव्हेंबर १९६२ रोजी पोप तेविसावे योहान ह्यांनी ह्या मंदिरास बॅसिलिकेचा दर्जा दिला. यात्रेकरूंची संख्या वाढत गेल्याने १९७५ मध्ये मूळ मंदिराच्या मागे दुमजली विस्तार करण्यात आला.

मागणारी माता

ह्या तीन कथा एकापाठोपाठ वाचल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. आपण वेलंकनीस मागावयास जातो. कथांमध्ये मात्र मागणारी माता आहे. ती गुराख्याकडे दूध मागते, पांगळ्याकडे ताक मागते. ज्याच्याजवळ देण्यासारखे फारसे नाही आणि जे आहे तेही विकून पोट भरावयाचे आहे, अशा मुलाकडे ती आपल्या पुत्रासाठी हात पसरते. शोमरोनी स्त्रीशी प्रभू येशूचे संभाषण असेच एका मागणीने सुरू झाले होते (योहान ४). तहानलेला देव प्रथम माणसाकडे पाणी मागतो आणि मग त्याला जिवंत पाण्याविषयी सांगतो.

दुसऱ्या कथेत तर पांगळ्या मुलाला बरे होण्याचा प्रसाद स्वतंत्रपणे मिळालाच नाही. त्याला निरोप्याचे काम मिळाले, आणि ते करण्यासाठी तो उठला तेव्हा पाय चालू लागले. आरोग्य हे त्याच्या पाठवणुकीत दडलेले होते. तिसऱ्या कथेतील खलाशांनीही आपल्या नावाचे नवे मंदिर अन्यत्र उभारले नाही. गरिबांनी जे गवताने उभारले होते, तेच त्यांनी दगडाने भक्कम केले.

यात्रेच्या पहिल्या संध्याकाळी हा विचार लोकांपुढे ठेवावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येकाला विचारावे : तुम्ही मातेकडे काय मागणार, हे तुम्ही ठरवून आला आहात, ती आपल्या पुत्रासाठी तुमच्याकडे काय मागेल, ह्याचा विचार केला आहे काय? काना गावच्या लग्नात (योहान २) मातेने सेवकांना स्वतःकडे वळविले नाही, पुत्राच्या शब्दाकडे वळविले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेन्सियुम’ ह्या १९६४ च्या संविधानाचे आठवे प्रकरण हेच सांगते की मरियेचे साहाय्य ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीला झाकीत नाही. ते तिच्यापासूनच उगम पावते. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘मातेर पोपुली फिदेलिस’ ह्या व्हॅटिकनच्या सैद्धांतिक टिपणातही मरियेला ‘सह-उद्धारक’ असे संबोधणे योग्य नाही, असे स्पष्ट केले आहे. यात्रेत म्हटल्या जाणाऱ्या गीतांची व घोषणांची निवड करताना धर्मशिक्षकांनी हे ध्यानी ठेवावे.

मार्ग

गोवा व बेळगाव परिसरातील यात्रेकरूंस सर्वांत सोयीची गाडी म्हणजे वास्को-द-गामा ते वेलंकनी ही साप्ताहिक एक्सप्रेस. ती मडगाव, लोंढा व हुबळी ह्या मार्गाने जाते आणि दुसऱ्या दिवशी थेट वेलंकनीच्या स्थानकावर पोहोचविते. बेळगावकरांनी लोंढ्यास किंवा हुबळीस ती गाठावी. गाडी आठवड्यातून एकदाच असल्याने परतीचा दिवस आधी ठरवून मगच जाण्याचे तिकीट काढावे; नाहीतर परतीचा प्रवास तंजावर किंवा तिरुचिरापल्लीहून आखावा लागतो. सणाच्या सुमारास मुंबईच्या वांद्रे टर्मिनसहून वेलंकनीसाठी विशेष गाड्या सोडल्या जातात. त्यांची घोषणा साधारणतः काही आठवडे अगोदर होते.

उत्तरेकडील व मध्य भारतातील समूहांनी चेन्नईमार्गे जावे. बडोद्याहून नवजीवन एक्सप्रेस, तर ग्वाल्हेरहून ग्रँड ट्रंक किंवा तमिळनाडू एक्सप्रेस चेन्नईस नेते. इंदूरहून थेट गाडीचा दिवस जुळत नसेल, तर भोपाळला येऊन चेन्नईची गाडी धरता येते. हैदराबादकरांना चारमिनार एक्सप्रेस परिचित आहेच. चेन्नईत एक गोष्ट विसरू नये : उत्तरेकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या सेंट्रल स्थानकावर थांबतात आणि दक्षिणेकडील गाड्या एग्मोर किंवा तांबरमहून सुटतात. वृद्ध माणसे व सामान घेऊन स्थानक बदलण्यास निदान तीन तास हाताशी ठेवावे. चेन्नईहून रात्री निघणारी कारैकलची गाडी पहाटेच्या सुमारास नागपट्टिणमला पोहोचते. तेथून वेलंकनीस बसने अर्ध्या तासाचा रस्ता आहे. विमानाने जाणाऱ्यांस तिरुचिरापल्लीचा विमानतळ जवळचा. तेथून तंजावरमार्गे मोटारीने सुमारे १५० किलोमीटर अंतर आहे.

तंजावरला थांबण्यास सवड असेल, तर मराठी माणसाने तेथे अर्धा दिवस अवश्य द्यावा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी स्थापिलेले भोसल्यांचे राज्य तेथे १८५५ पर्यंत नांदले. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. सरफोजीराजे (दुसरे) ह्यांचे गुरू व पालक ख्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ हे लूथरन मिशनरी १७९८ साली तंजावरलाच वारले. शिष्याने गुरूच्या स्मरणार्थ शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक घडवून आणले. ते तेथील श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे. स्वधर्म न सोडलेल्या मराठी राजाने आपल्या ख्रिस्ती गुरूला वाहिलेली ती कृतज्ञता पाहून आपले लोक पुढच्या प्रवासाला अधिक मोकळ्या मनाने निघतील.

काळाविषयी सांगावयाचे तर २९ ऑगस्टला ध्वजारोहण होते आणि ८ सप्टेंबरला सण असतो. ह्या दिवसांत लाखो लोक येतात. नोव्हेनाच्या दिवसांत अनेक भारतीय भाषांत मिस्सा होतात. रोज सायंकाळी मातेच्या रथाची मिरवणूक निघते, ती पाहण्यासारखी असते. परंतु आजारी, वृद्ध व तान्ही मुले असलेल्या समूहाने तेव्हा जाऊ नये. ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळात त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस व वादळे असतात. १६ नोव्हेंबर २०१८ च्या ‘गज’ चक्रीवादळाने ह्याच भागाची फार हानी केली. जानेवारी-फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुखाचे. मग प्रायश्चित्तकाळाच्या प्रारंभी जाऊन आलेले लोक पुनरुत्थानाच्या सणास वेगळ्या तयारीने सामोरे जातात.

धर्मगुरूंनी आपल्या बिशपांचे ओळखपत्र बरोबर न्यावे. ख्रिस्तसभेच्या धर्मनियमसंहितेतील नियम ९०३ अन्वये अनोळखी धर्मगुरूस मिस्सा अर्पण करू देण्यासाठी ते मागितले जाऊ शकते. मराठी मिस्सेसाठी देवस्थानाच्या कार्यालयास आधी पत्र लिहून वेळ मागून घ्यावी. मराठी वाचनग्रंथ आपलाच न्यावा.

नवसाचा प्रश्न

आता सर्वांत नाजूक विषय. एक प्रसंग पुष्कळ धर्मगुरूंना ओळखीचा वाटेल. एखादी माता येते आणि घाबऱ्या आवाजात सांगते : “फादर, मुलगा आजारी होता तेव्हा मी बोलले होते, की बरा झाला तर वेलंकनीला नेऊन त्याचे मुंडण करीन. आठ वर्षे झाली, जाणे झाले नाही. आता तो पुन्हा आजारी पडला. माता रागावली असेल का?” पुष्कळदा अशा वेळी “तसे काही नसते” असे म्हणून आपण विषय संपवितो. त्या उत्तराने तिची भीती जात नाही. ती फक्त आपल्याशी बोलणे थांबविते.

तिला चार गोष्टी सांगाव्या. पहिली : ख्रिस्तसभेच्या शिकवणीनुसार नवस हे देवाला दिलेले वचन आहे. नियम ११९१ प्रमाणे ते समजून-उमजून, स्वखुशीने आणि शक्य व अधिक चांगल्या अशा गोष्टीविषयी दिलेले असावे लागते. मरियामाता त्या वचनाची साक्षीदार व साहाय्यकर्ती आहे. कर्ज वसूल करणारी सावकार नव्हे. दुसरी : नियम ११९३ अन्वये नवस ज्याने केला त्यालाच बांधतो. आईने बोललेला नवस मुलावर ऋण म्हणून चढत नाही. तिसरी : हे वचन बदलता येते. वचन देणाऱ्याने स्वतःच ते तितक्याच किंवा त्याहून चांगल्या कृतीत पालटून घ्यावे, अशी मुभा नियम ११९७ देतो. आणि न्याय्य कारण असेल तर खासगी नवसातून मुक्त करण्याचा अधिकार नियम ११९६ अन्वये धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूसही आहे. ह्या अधिकाराची जाणीव आपल्यापैकी किती जणांना आहे? रेल्वेच्या भाड्यासाठी कर्ज काढावयास निघालेल्या कुटुंबाला आपण तेथल्या तेथे, प्रार्थनापूर्वक, त्या ओझ्यातून मोकळे करू शकतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : मुलाचे आजारपण ही मातेने दिलेली शिक्षा नव्हे. पुत्राला क्रूसावर मरताना पाहिलेली माता दुसऱ्या आईच्या पोराला आजारी पाडीत नाही.

असे सांगितल्यानंतरही ती वेलंकनीस जावयाचे म्हणेल तर जाऊ द्यावे. मुंडण, मेणबत्ती, गुडघ्यांवर चालणे, समुद्रस्नान, चांदीचे हात-पाय अर्पण करणे, ह्या गोष्टींकडे तुच्छतेने पाहू नये. १९७५ च्या ‘एवान्जेली नुन्सियांदी’ ह्या प्रबोधनात (परिच्छेद ४८) पोप सहावे पौल ह्यांनी लोकभक्तीच्या मर्यादा सांगितल्या आणि गरिबांनाच उमजणारी देवाची तहानही तिच्यात ओळखली. अर्पण केलेल्या नवसाच्या वस्तू देवस्थानात सर्वांना दिसतील अशा व सुरक्षित ठेवाव्या, असे नियम १२३४ सांगतो. वेलंकनीच्या संग्रहालयात त्या पाहावयास मिळतात. त्या वस्तूंपुढे लोकांना घाईने पुढे ढकलू नये. प्रत्येक चांदीच्या पायामागे कुणाच्या तरी घरातली एक रात्र आहे.

एका गोष्टीचा मात्र खुलासा करावा. यात्रेकरू तेथून तेलाच्या बाटल्या घरी आणतात. हे तेल भक्तीचे साधन आहे. रुग्णाभ्यंगाचा संस्कार नव्हे. संस्काराचे तेल सामान्यतः बिशप आशीर्वादित करतात आणि तो संस्कार केवळ धर्मगुरू देऊ शकतो (नियम १००३). घरात वेलंकनीचे तेल आहे म्हणून धर्मगुरूंना बोलावणे लांबले आणि रुग्ण संस्कारावाचून गेला, असे कोणत्याही घरी होऊ नये.

शेजारी यात्रेकरू

आपल्या यात्रेच्या यादीत हिंदू शेजारीही असतात. वेलंकनीस गेल्यावर तर ख्रिस्ती कोण व ख्रिस्तेतर कोण हे ओळखू येत नाही. भगवी वस्त्रे घालून पायी येणारे कितीतरी जण असतात. ह्या किनाऱ्याला त्याची जुनी सवय आहे. जवळच्याच नागोर येथील दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंहराजांनी बांधून दिला. आपल्या गोव्यातही म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन येतात.

काही धर्मबंधूंना ह्यात धर्मांची सरमिसळ दिसते आणि ते अस्वस्थ होतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी श्रद्धा-सिद्धांतविषयक विभागाने दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांच्या संमतीने तंजावरच्या बिशपांस वेलंकनीविषयी पत्र पाठविले. ह्या देवस्थानातील पुष्कळ आध्यात्मिक फळांत पवित्र आत्म्याचे कार्य दिसते, असे त्यात म्हटले आहे. तसेच ख्रिस्तेतर यात्रेकरूंचे येणे हे केवळ सरमिसळ म्हणून पाहता कामा नये, असेही सुचविले आहे. दुःखी माणूस मातेच्या दारी येतो तेव्हा त्याला प्रथम सांत्वन हवे असते, आणि त्या दारी ते मिळते.

व्यवहारात दोन गोष्टी पाळाव्या. ख्रिस्तशरीराचा स्वीकार बाप्तिस्मा झालेल्या व योग्य तयारी केलेल्या कॅथॉलिकांसाठी आहे, हे शेजाऱ्यांस घरून निघतानाच प्रेमाने समजावावे. वेदीपुढच्या रांगेत कुणाला थांबविणे हा त्या माणसाचा अपमान ठरतो, आणि तो दोष आपल्या आळसाचा असतो. दुसरी गोष्ट अशी की नियम ११७० प्रमाणे आशीर्वाद कॅथॉलिकेतरांनाही देता येतो. मिस्सेनंतर धर्मगुरूंनी सर्वांना एकत्र बोलावून, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा. तेव्हा कुणी वगळला गेला, असे कुणालाही वाटणार नाही.

२६ डिसेंबर २००४

वेलंकनीच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यावर कुणीतरी त्सुनामीची गोष्ट काढतोच. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, समुद्र चढून आला. वाळूवर सणासाठी आलेले यात्रेकरू होते, दुकानदार होते, खेळणारी मुले होती. वेलंकनीत शेकडो माणसे गेली. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक. बॅसिलिकेत पाणी शिरले नाही आणि आत मिस्सेस आलेले लोक वाचले, असे तेथील लोक सांगतात.

ही हकीकत सांगताना आपल्या जिभेवर लगाम असावा. “आत होते ते वाचले” हे वाक्य वाचलेल्याने कृतज्ञतेने म्हणावे, हे योग्य आहे. परंतु व्यासपीठावरून आपण ते म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ “बाहेर होते त्यांना मातेने सोडून दिले” असा होतो. ऐकणाऱ्यांत कुणाचे तरी माणूस अशाच एखाद्या दुर्घटनेत गेलेले असते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, हा प्रश्न स्वतः प्रभूनेच विचारला आणि नाकारला (लूक १३). वाळूवर मेलेलेही मातेचेच यात्रेकरू होते. म्हणून किनाऱ्यावर चमत्काराचे प्रवचन न करता मृतांसाठी एक जपमाळ म्हणावी. त्यानंतर थोडा वेळ शांत राहावे.

तेथील दोन दिवस

शक्य तर दोन पूर्ण दिवस राहावे. पहिल्या दिवशी सकाळी मातेच्या तळ्यापासून प्रारंभ करावा. तेथे पहिली कथा सांगावी. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर क्रूसाच्या वाटेची स्थाने आहेत. काही जण ती वाळू गुडघ्यांवर चालतात. आपल्या समूहातील कुणाला तसे करावयाचे असेल तर दुपारचे ऊन टाळावे आणि मधुमेही व वृद्ध माणसांस समजावून थांबवावे. त्यांच्या वतीने एखाद्या तरुणाने चालणे हीसुद्धा सुंदर प्रार्थना आहे. दुपार पापनिवेदनासाठी राखावी. नियम ९६७ अन्वये ज्या धर्मगुरूस आपल्या बिशपांकडून पापनिवेदन ऐकण्याचा नित्य अधिकार आहे, तो स्थानिक बिशपांनी मनाई केली नसेल तर अन्यत्रही ते ऐकू शकतो. मराठीत पापनिवेदन करावयास मिळणे ही कित्येकांना यात्रेची सर्वांत मोठी देणगी वाटते.

दुसऱ्या दिवशी मराठी मिस्सा आणि साडी परिधान केलेल्या मातेच्या मूर्तीपुढे वैयक्तिक प्रार्थना. त्यानंतर सर्वांनी एकत्र बसून घरी राहिलेल्या आजाऱ्यांची नावे वाचावी. समुद्रात मुलांना एकटे सोडू नये. तेथील लाटा फसव्या आहेत. हिशेब शेवटच्या रात्रीच सर्वांपुढे मांडावा. उरलेल्या पैशांतून, आणि धर्मग्रामाच्या थोड्या साहाय्यातून, पुढच्या वर्षी एका गरीब कुटुंबास विनामूल्य नेण्याचे ठरवावे. यात्रा ही सुखवस्तू लोकांची सहल होऊ लागली, तर ताक विकणाऱ्या त्या मुलालाच आपण गाडीत जागा नाकारल्यासारखे होईल.

परतीची वाट

यात्रेची परीक्षा परतल्यावर होते. त्या पांगळ्या मुलाला मातेने आपल्याजवळ बसवून ठेवले नाही. निरोप देऊन गावाकडे धाडले. आपल्या लोकांनाही असा एकेक निरोप घेऊन घरी येऊ द्यावे. परतीच्या गाडीत प्रत्येकाने मनाशी एक छोटे, शक्य असे वचन ठरवावे : बोलणे बंद असलेल्या भावाच्या घरी जाणे, रोज संध्याकाळी कुटुंबासह जपमाळ म्हणणे, शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीस रविवारी ख्रिस्तशरीर मिळेल अशी व्यवस्था करणे. धर्मशिक्षकांनी महिन्याभराने ह्या वचनांची हळुवार आठवण करून द्यावी.

आणि ती आठ वर्षांचा नवस उराशी घेऊन आलेली माता? ती परत आल्यावर धर्मगुरूंनी तिच्या घरी एकदा जावे. मुलगा बरा झाला आहे की नाही, हे आपल्या हाती नाही. परंतु आता ती देवाकडे भिऊन जात नाही, एवढे जर तिच्या तोंडून ऐकावयास मिळाले, तर वेलंकनीची यात्रा सफळ झाली, असे आपण नि:शंकपणे म्हणावे.